तारकर्लीत की कुडाळात? 12 लाखांत तुईना सेंटर काढताना आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई मूळच्या मालवणच्या, गोव्यात रिसॉर्टच्या स्पामध्ये बरीच वर्षं काम केलंय, तुईना (पारंपरिक चिनी पद्धतीचं अंग दाबणं-चोळणं) आणि फूट रिफ्लेक्सॉलॉजी (पायाचे ठरावीक पॉइंट दाबणं) शिकल्यात, आता गावाकडे परत येऊन स्वतःचं सेंटर काढायचंय. हातात साधारण 12 लाख आहेत. तारकर्ली-देवबाग पट्ट्यात रस्त्याला लागून जागा बघून ठेवलीय, पाच थेरपिस्ट, एसी रूम, आत चिनी सजावट. विचारतायत की हे चालेल का, रेट काय ठेवू, रिसॉर्टवाले कमिशन मागतायत ते देऊ का, आणि एक फ्रँचायझीवाला मागे लागलाय त्याचं काय करू.

मी रत्नागिरीत हेच काम करते, हिशेब आमचे हे बघतात, त्यामुळे दोन्ही बाजू रोज कानावर असतात. सरळ सांगते, तारकर्लीची ती जागा घेऊ नका. तुमचं कौशल्य चांगलंय, पैसे पण पुरेसे आहेत, पण कोकणात हा धंदा टुरिस्टवर उभा केला की चार महिने पाऊस आणि बाकीच्या महिन्यांतले सोमवार ते शुक्रवार तुम्हाला खाऊन टाकतात. गिऱ्हाईक इथलंच धरायचं, जे पाठ दुखते म्हणून परत परत येणार. टुरिस्ट आला तर वरचा फायदा, नाही आला तर पगार थांबायला नको.

आता आकडे मांडू म्हणजे उगीच भीती घालतेय असं वाटणार नाही. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्याकडचे खरे आकडे घालून परत करा. तारकर्लीत भाडं समजा 40 हजार, पाच थेरपिस्ट राहण्या-जेवणासकट प्रत्येकी 20 हजार म्हणजे 1 लाख, एसी चालवायचे म्हणजे लाईट बिल 15 हजार, धुलाई, तेल, किरकोळ मिळून 15 हजार, आणि तुमचा स्वतःचा पगार 20 हजार. (हो, स्वतःचा पगार खर्चात धरायचाच, नाहीतर वर्षभर फुकट राबून धंदा फायद्यात आहे असं वाटत राहतं.) झाले महिन्याला 1 लाख 90 हजार, वर्षाला 22 लाख 80 हजार. रेट 1500 ठेवलात आणि रिसॉर्टला 30 टक्के गेले तर हातात 1050. म्हणजे नुसता खर्च निघायला वर्षाला जवळजवळ 2170 सेशन हवीत. आता टुरिस्टचे खरे दिवस मोजा. ऑक्टोबर ते मे मधले शनिवार-रविवार, वर दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातल्या सुट्ट्या, ओढूनताणून 100 दिवस. म्हणजे त्या प्रत्येक दिवशी 22 सेशन. पाच थेरपिस्टनी नीट तुईना करायचं तर दिवसाला प्रत्येकी पाचच्या वर जात नाही, म्हणजे तुमची कमाल क्षमताच 25. सगळे शंभर दिवस जवळजवळ हाऊसफुल गेले तर तुम्ही ना नफा ना तोटा! एखादं वादळ, एखादा लाँग वीकेंड पावसात गेला, घाटात दरड आली, की संपलं. तौक्ते आलं ते ऐन मे महिन्यात, 2021 ला, ते विसरू नका.

आणि 1500 गुणिले 2170 म्हणजे उलाढाल 32 लाखांच्या वर, सेवांसाठी 20 लाखांची मर्यादा ओलांडली की जीएसटी नंबर घ्यावाच लागतो. ब्युटी, फिटनेस, वेलनेसवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय, पण त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे एसी, टेबलं, फर्निचरवर भरलेला टॅक्स तुमच्याच खिशातून. तुमच्या कामाला नक्की काय लागू होतं ते सीएला दाखवून घ्या.

आता हेच कुडाळात बघा. स्टेशन आहे, हायवे आहे, एमआयडीसी आहे, ओरोसची सरकारी ऑफिसं जवळ, शाळा-कॉलेजं, बँका. भाडं समजा 15 हजार, तीन स्थानिक थेरपिस्ट 14 हजारांनी 42 हजार, लाईट 5, धुलाई आणि सामान 5, फोन-जाहिरात 3, तुमचे 20. एकूण 90 हजार. सरासरी बिल 450 धरलं तर महिन्याला 200 सेशन, 26 दिवसांनी भागलं तर दिवसाला आठ. तिघींची क्षमता पंधरा. निम्म्याच्या थोडं वर गेलात की खर्च निघतो, आणि वर्षाची उलाढाल 11 लाखांच्या आत त्यामुळे जीएसटीची कटकट नाही. दुकानाची नोंद म्हणाल तर माणसं इतकी थोडी असली की 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीकडे काय लागतं ते विचारून घ्या आणि उद्यम नोंदणी करून टाका, फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

12 लाखांपैकी 5 लाखांत डिपॉझिट, रंग, टेबलं, खुर्च्या, इन्व्हर्टर सगळं बसतं. 4 लाख बँकेत वेगळे ठेवायचे, ते पहिल्या पावसाळ्याचे. उरलेले 3 आहेत हे विसरून जा.

पण गिऱ्हाईक येणार कोण, हा खरा प्रश्न. मला नवीन लोक विचारतात की कोकणात मसाजला पैसे देणार कोण? तर मसाजला देत नाहीत, बरोबर आहे. उसण भरली, मान धरली, पायाची शीर आखडली, याला देतात आणि लगेच देतात. आजपर्यंत ते हाड बसवणाऱ्याकडे जायचे, नाहीतर मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रेटायचे. मार्च ते मे आंब्याची काढणी बघा, झेला घेऊन दिवसभर वर बघत राहायचं, जड बांबू दोन्ही हातांनी वर धरलेला, संध्याकाळी त्या माणसाची मान वळत नाही. मग पेटी भरणारे वाकून वाकून कंबर धरतात. काजू फोडायच्या मशीनवर बसणाऱ्या बायका, एक पाय पेडलवर आणि एकाच हाताने दांडा खाली, त्यांचं एकाच बाजूचं खुबा-खांदा दुखतं, दुसऱ्या बाजूला काही नसतं. एसटीचे ड्रायव्हर, मच्छी विकायला पाटावर बसणाऱ्या, पेपर तपासणारे मास्तर, बँकेतले, चिरेखाणीवरचे. प्रत्येकाचं दुखणं वेगळं आणि ते तुम्ही हात लावायच्या आधी ओळखलंत ना, की तो माणूस तुमचा झाला. काजूवाल्या बाईला नुसतं विचारा, पेडल उजव्या पायाने मारतेस की डाव्या? ती पुढच्या आठवड्यात आणखी दोघींना घेऊन येते. एवढी जाहिरात फेसबुकला पैसे घालून होत नाही.

आणि इथेच तुईना कामाला येतं, स्पाच्या मसाजपेक्षा. तुईना कपड्यांवरून होतं. सैल पंजाबी ड्रेस किंवा टी-शर्ट-पँट घालून झोपायचं, वर एक सुती कापड, तेल नाही. तुम्ही गोव्यात तेलाचं काम केलंय म्हणून कदाचित याची किंमत लक्षात आली नसेल. एक तर आपल्याकडे बाई कपडे काढून मसाज घ्यायला येणार नाही आणि आली तर घरचे दुसऱ्यांदा पाठवणार नाहीत. कपड्यांवरून आहे, हॉलमध्ये आहे, मध्ये फक्त पडदे आहेत, बाईला बाईच करते, दार काचेचं आहे, हे एकदा सासूने येऊन बघितलं की सासूच पुढच्या वेळी गुडघे घेऊन येते. बंद खोल्या, मंद लाईट, आतून कडी, हे सगळं आपल्याकडे संशयाचं कारण आहे, स्पावर धाड पडल्याच्या बातम्या लोक वाचतात. बोर्डावर स्पा हा शब्दच घालू नका.

दुसरं, धुलाई. तेलाच्या प्रत्येक सेशनला दोन चादरी, दोन टॉवेल. जुलैमध्ये कोकणात चादर तीन दिवस वाळत नाही, वाळली तरी कुबट वास जात नाही, आणि तेलकट टॉवेलला तो वास धरतो तो धरतोच. ड्रायर घेतला तर बिल वाढतं. तुईनाला एका गिऱ्हाईकाला एक सुती कापड आणि तोंडाखालचा एक रुमाल, बास. हे छोटं वाटतं पण पावसाळ्यात धंदा तग धरतो तो अशा गोष्टींवर. तेल ठेवाच, बाळंतिणी आणि म्हाताऱ्या माणसांना तेलाशिवाय अंग चोळल्यासारखं वाटतच नाही, पण वेगळा रेट लावून.

तिसरी गोष्ट, थेरपिस्ट. बाहेरून अनुभवी मुली आणायच्या, त्यांच्या राहण्याची सोय करायची, मग त्या सीझन संपला की गोव्यात जास्त पगारावर जाणार, यात पडू नका. जवळच्या वाडीतल्या दोन-तीन बायका घ्या, बचत गटातल्या चालतील, 25 ते 40 वयाच्या, हाताला कामाची सवय असलेल्या. शेतात राबलेल्या बाईच्या मनगटात जी ताकद असते ती कोर्स करून येत नाही. शिकवायचं तिकडे चीनमध्ये शिकवतात तसंच, आधी पिशवीवर. तिकडे विद्यार्थी माणसाला हात लावण्याआधी बरेच दिवस तांदळाच्या किंवा वाळूच्या पिशवीवर हात घोटतात. आपल्याकडे तांदळाला तोटा नाही, जाड कापडाची उशीएवढी पिशवी शिवायची, घट्ट भरायची आणि टेबलावर ठेवून रोलिंगचा हात शिकवायचा. मूठ सैल, करंगळीच्या बाजूने हाताची मागची कड पिशवीवर टेकलेली, मनगट उघडत मिटत पंजा पुढे लोळवायचा आणि मागे आणायचा, मिनिटाला 120 ते 160 च्या लयीत. बघण्याची गोष्ट एकच, पिशवीवरचं कापड सरकता कामा नये. कापड सरकलं म्हणजे हात घासतोय, लोळत नाहीये, आणि घासलेला हात माणसाच्या कातडीला झोंबतो पण आत स्नायूपर्यंत पोचत नाही. खांदा वर उचललाय का तेही बघा, नवीन बाई हमखास खांद्यातून जोर लावते आणि महिन्याभरात तिचीच मान धरते. सलग दहा मिनिटं एकाच लयीत जमलं की मग नवऱ्याची पाठ, मग गिऱ्हाईक.

अंगठ्याने दाबायचं काम कमीत कमी ठेवा. हा धंदा बसतो तो बहुतेक वेळा थेरपिस्टचे अंगठे बसतात म्हणून. जिथे कोपर चालतं तिथे कोपर, जिथे हाताची कड चालते तिथे कड. दिवसाला पाच फुल बॉडी, त्याच्या वर फक्त पायाचं किंवा डोक्या-मानेचं काम द्यायचं. मे महिन्यात चाकरमानी दारात उभे असताना हा नियम मोडायचा मोह होतो, मोडू नका, जूनमध्ये एक थेरपिस्ट कमी झालेली असते.

थेरपिस्ट घेताना दृष्टिहीन उमेदवाराचा विचार नक्की करा. चीनमध्ये अंध लोकांची मसाज सेंटर गल्लोगल्ली आहेत, बीजिंगमध्ये तर अंध थेरपिस्टसाठी प्रसिद्ध असलेलं मसाजचं हॉस्पिटल आहे, लोक मुद्दाम त्यांच्याकडे जातात कारण बोटांना जास्त कळतं असं मानतात. आपल्याकडेही अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था हे प्रशिक्षण देतात. दया म्हणून नका घेऊ, पगार सगळ्यांएवढाच द्या. आपल्याकडच्या बायकांना तर दृष्टिहीन थेरपिस्टकडे जास्त मोकळं वाटतं.

आता रेट. एक साधा बोर्ड, मराठीत, दारावर. डोकं-मान-खांदे 20 मिनिटं 200, पाय 30 मिनिटं 300, पाठ-कंबर 40 मिनिटं 450, पूर्ण अंग तासाभराचं 700. हे कुडाळ-रत्नागिरीच्या अंदाजाने, अलिबागला मुंबईवाले बंगले घेऊन बसलेत, तिकडे दुप्पट चालेल. मांडव्याला रो-रोतून गाडी घेऊन उतरणारा आणि कुडाळच्या एसटी स्टँडवर उतरणारा ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. 20 मिनिटांचं 200 वालं ठेवाच ठेवा, त्यात तुम्हाला फार सुटत नाही पण नवा माणूस त्याच दारातून आत येतो. पायाच्या कामाला जोडून काशाची वाटी द्या. आपल्या लोकांना ती आजीपासून माहीत आहे, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही आणि रिफ्लेक्सॉलॉजीनंतर दहा मिनिटं वाटी फिरवली की माणूस खुर्चीतच घोरायला लागतो.

पॅकेजचं मात्र सांभाळून. चिनी हॉस्पिटलात तुईनाचा कोर्स असतो, बहुतेक दहा सेशनचा, तो विचार बरोबर आहे कारण जुनं दुखणं एका वेळेत जात नाही. पण तिकडेच पैसे आधी भरून घ्यायच्या कार्डांचा जो प्रकार झाला तो शिकण्यासारखा आहे, दुकानं भरमसाठ सूट देऊन वर्षाचे पैसे आधी गोळा करायची, त्यातून दुसरी शाखा उघडायची आणि मग शटर खाली, लोक पैशांसाठी फिरतायत. कोकणात असं एकदा झालं की तुमचं नाव पाच तालुक्यांत जातं. पाच सेशनच्या वर आगाऊ घेऊ नका, आणि घेतलेले पैसे काम होईपर्यंत आपले नाहीत असं धरून वेगळ्या खात्यात ठेवा. तिसऱ्या सेशनला थोडाही फरक नसेल तर उरलेले परत द्यायचे आणि डॉक्टरकडे पाठवायचं. परत दिलेले दोन-चारशे रुपये कुठे जात नाहीत, तो माणूस गावभर सांगत फिरतो. (उधारी मात्र नको. मच्छीवाली 300 च्या बदल्यात सुरमई देते म्हणाली तर घ्या, उधारी नको.)

डॉक्टरवरून मुद्द्याचं बोलते, कारण या एका गोष्टीवर सेंटर कायमचं बंद होऊ शकतं. पावसाळ्यात, विशेषतः लावणीच्या दिवसांत, माणूस येईल आणि म्हणेल पोटऱ्या खूप दुखतायत, जरा चोळून द्या. अंगात ताप आहे का बघा, थर्मामीटर टेबलावरच ठेवा. चिखलात काम केलेला माणूस, ताप, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतायत, डोळे लाल, हे लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात चिखल-पाण्यातून होणारा ताप) चित्र असू शकतं, त्याला हात लावायचा नाही, सरळ सरकारी दवाखान्यात पाठवायचं, रिक्षाचे पैसे नसतील तर तुम्ही द्या पण त्याच दिवशी पाठवा. सिंधुदुर्गात लेप्टो नवीन नाही आणि दोडामार्ग-बांद्याकडे माकडतापही आहे, त्यामुळे ताप असलेल्या कुणालाही मसाज नाही, हा नियम लिहून भिंतीवर लावा. एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, तर रक्ताची गाठ असू शकते, तिथे चोळणं म्हणजे जीवाशी खेळ. कंबरदुखीबरोबर लघवी अडकतेय किंवा दोन्ही मांड्यांमधली जागा बधिर झालीय, तर लगेच हॉस्पिटल. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर कपिंग (कातडीवर कप चिकटवून ओढणं) नाही, गुआ शा (पट्टीने कातडी घासणं) नाही. शुगरवाल्याच्या पायाला संवेदना आहे का बघितल्याशिवाय गरम पाणी नाही, मोक्साचा (जळत्या औषधी पाल्याचा) शेक नाही. गरोदर बाईला चिनी पद्धतीत अंगठा-तर्जनीमधला, घोट्याच्या वरचा आणि खांद्यावरचा पॉइंट दाबत नाहीत, ते थेरपिस्टला पाठ हवेत. आणि मान कडकन वळवून आवाज काढायचं काम कुणीही करायचं नाही, गिऱ्हाईकाने मागितलं तरी. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर पक्षाघातापर्यंत जातं. रील बघून लोक मागतात हल्ली, तोंडावर नाही म्हणायचं.

पहिल्या भेटीला एक कार्ड भरून घ्या, बीपी, शुगर, गोळ्या, ऑपरेशन, पाळी-गरोदरपण, सही. पाच मिनिटं जातात. हेच कार्ड घेऊन गावातल्या हाडांच्या डॉक्टरला आणि फिजिओला एकदा भेटून या, सांगा की आम्ही काय करतो आणि काय करत नाही. सुरुवातीला दुर्लक्ष करतील. तुम्ही चिठ्ठी देऊन पाच पेशंट त्यांच्याकडे पाठवलेत की सहावा ते तुमच्याकडे पाठवतात.

दावे करू नका. शुगर बरी, बीपी बरं, पॅरालिसिस बरा, असलं बोर्डावर, तेलाच्या बाटलीवर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर कुठेही नको. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा 1954 चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत हेच आजार आहेत. नावापुढे डॉक्टर लावायचं नाही, पांढरा कोट पण नको. सुया तर अजिबात नाही, महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि कौन्सिल आहे, तिथे नोंदणी असलेल्यानेच ते करायचं. कपिंगचं म्हणाल तर आपल्याकडे खेड, दापोली, रत्नागिरी पट्ट्यातल्या मुस्लिम वस्तीत हिजामा लोकांना चांगला माहीत असतो, ते येऊन रक्त काढणारा प्रकार मागतील. तो नाही करायचा, रक्त आलं की संसर्ग, बायोमेडिकल कचरा, परवाने सगळं आलं. कोरडं कपिंग करा आणि करण्याआधी डागांचा फोटो दाखवा. गोल जांभळे डाग आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहतात, 2016 च्या ऑलिंपिकमध्ये फेल्प्सच्या खांद्यावर सगळ्या जगाने बघितले तसेच. एप्रिल-मे लग्नसराई, मुलगी खांदे दुखतात म्हणून येते, विचारा हळद कधी आहे. ब्लाऊजच्या गळ्यातून चार जांभळ्या चकत्या दिसल्या तर फोटोग्राफरसकट सगळं वऱ्हाड तुमचं नाव घेईल.

सजावटीवर पैसे घालवू नका. लाल कंदील, ड्रॅगन, हसणारा बुद्ध, बांबूचं पाणी पडतंय, यातलं काही नको. आपल्या गावात चायनीज लिहिलेला बोर्ड बघून माणूस ट्रिपल राईस मागायला आत येईल. पारंपरिक चिनी पद्धतीचं अंग दाबणं-चोळणं, एवढं आत एका फ्रेममध्ये साध्या भाषेत लिहा. जुन्या माणसांना सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची आठवण काढली की पुरतं, 1938 ला चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 ला तिथेच वारले. त्यांच्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात सुरू केलं. लोकांना ओळख पटते. आणि फूट रिफ्लेक्सॉलॉजीला पाच हजार वर्षांची चिनी विद्या वगैरे म्हणू नका. आज जो पायाचा नकाशा सगळीकडे टांगलेला असतो तो विसाव्या शतकात अमेरिकेत फिट्झजेराल्ड आणि नंतर युनिस इंगहॅम यांच्या कामातून आला, तैवानमध्ये एका स्विस पाद्र्याने तो लोकप्रिय केला. पायाला बरं वाटतं हे खरं आहे ना, मग तेवढं पुरे की.

सामानाबद्दल थोडं. खारी हवा लोखंड खाते, त्यामुळे लाकडी टेबलं आणि स्टीलचे स्क्रू घ्या, मोटरवाल्या मसाज खुर्च्या नको. बांबूचे कप पावसाळ्यात बुरशी धरतात, काचेचे किंवा सिलिकॉनचे घ्या. मोक्सा ओलावा ओढते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि धूर एसीच्या बंद खोलीत नको, खिडकीजवळ एक्झॉस्ट लावून. चिनी लेबलचे पट्टे-मलमं ऑनलाइन मागवून गिऱ्हाईकाला लावू नका, आत काय आहे ते तुम्हालाही वाचता येत नाही.

रिसॉर्टवाल्यांना कमिशन द्या, पण त्यांची खोली घेऊ नका. म्हणजे असं करा, शनिवार-रविवार दोन खुर्च्या घेऊन त्यांच्या पडवीत किंवा खळ्यात बसा, दिवसाउजेडी, कपड्यांवरून डोकं-खांदे-पाय. भाडं नाही, जे काम होईल त्यावर टक्केवारी. कोणाच्याही खोलीत थेरपिस्ट जाणार नाही आणि सात नंतर काम नाही, हे लिहून द्या आणि लिहून घ्या. यात कुणी कुरकुर केली तर त्या रिसॉर्टचा नाद सोडा, कारण काय ते तुम्हाला गोव्यात कळलं असेलच. होमस्टेवाल्या काकूंबरोबर हे जास्त छान जमतं, त्यांना पाहुण्याला सांगायला एक नवीन गोष्ट मिळते.

वर्षाचं गणित मनात असंच ठेवा. मार्च-एप्रिल-मे आंबेवाले आणि शिमग्याला, मे महिन्यात येणारे चाकरमानी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, कोळीवाड्यात पैसा आटलेला असतो, जाळी दुरुस्त करत वाकून बसलेले असतात, तेव्हा 20 मिनिटांचं काम 150 ला द्या, ऑगस्टमध्ये होड्या गेल्या की ते पूर्ण पैसे देऊन येतात. जुलैमध्ये लावणीच्या कंबरा. गणपतीत चाकरमानी मुंबई-गोवा हायवेने रात्रभर खड्डे खात येतो, सकाळी गाडीतून उतरताना वाकलेलाच असतो, त्याच्यासाठी गुगल मॅपवर तुमचं नाव, वेळ आणि दारासमोरचा फोटो नीट हवा. मग फुगड्या आणि जाखडीनंतरचे गुडघे. म्हणून सुरुवात जूनमध्ये करा, लोक दिवाळीचा मुहूर्त बघतात, मी पावसाळ्याचा सांगेन. भाडं घासाघीस करून मिळतं, गर्दी नसल्याने बायका हळूहळू शिकतात, ओळखीची पन्नासेक माणसं होतात आणि गणपतीला हात तयार असतो.

जागा तळमजल्यावर हवी, गुडघेवाला जिना चढत नाही. पण चिपळूण, खेड, महाड, राजापूर, खारेपाटण अशा ठिकाणी कुणी हे वाचत असेल तर तळमजला घेण्याआधी शेजारच्या दुकानदाराला विचारा पाणी कुठवर आलं होतं, भिंतीवर बहुतेक खूण असते. चिपळूणने 22 जुलै 2021 ला काय बघितलं ते तिथल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा. मग थोडा उंचावरचा रस्ता, दोन पायऱ्या आणि रॅम्प, असं बघायचं. करार तीन वर्षांचा रजिस्टर करा, अकरा महिन्यांवर जाऊ नका, गिऱ्हाईक जमलं की मालक भाडं वाढवतो. समुद्राच्या अगदी कडेची शेड तर सीआरझेडमध्ये (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम) कधी पाडतील सांगता येत नाही.

फ्रँचायझीचं शेवटी. तुमच्या हातात कौशल्य आहे, गावात ओळख आहे, मग तो नक्की काय देणार? मुंबई-पुण्यात नाव ओळखीचं असेलही, कुडाळात कोणाला माहीत आहे? त्याला तीन प्रश्न विचारा. एक लाखाच्या आतल्या लोकवस्तीत त्याची किती सेंटर चालू आहेत, आणि त्यातल्या दोन मालकांचे नंबर दे. रॉयल्टी उलाढालीवर की नफ्यावर, आणि जुलैमध्ये पण घेणार का. आणि सामान त्याच्याकडूनच घ्यायचं बंधन आहे का. उलाढालीवर रॉयल्टी आणि सामानाचं बंधन दोन्ही असेल तर वरच्या 90 हजारांच्या हिशेबात ती रक्कम घालून रोज किती सेशन लागतात ते काढा. दहाच्या वर आकडा गेला तर चहा पाजून पाठवून द्या.